ख्रिस्ती शास्त्रांतील अलंकार

ठाण्याच्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वधूच्या अंगावर सोनें घालण्याची रीत आहे. पेत्राचें पहिलें पत्र मात्र सोन्याहून सौम्य व शांत वृत्तीचें लेणें थोर मानतें. मग वधूनें दागिने उतरवावेत काय? उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायांत रिबकेला अर्ध्या शेकेल वजनाची सोन्याची नथ मिळते. तिला कोणी दोष देत नाहीं. निर्गमांत कानांतील कुंडलें वितळवून वासरूं घडविलें जातें, आणि पुढें तशाच दागिन्यांच्या दानांतून देवाचा निवासमंडप उभा राहतो. म्हणजे दोष सोन्याचा नव्हे. तें कोणाच्या चरणीं वाहिलें, हा प्रश्न आहे. आणि जिच्या पित्याला नथ परवडत नाहीं, त्या वधूसही पेत्रानें सांगितलेलें लेणें पुरेसें आहे.