तुर्तुक : एका रात्रीत भारतात आलेले गाव



लेहहून उत्तरेकडे निघावे, खारदुंग ला ही खिंड ओलांडावी, नुब्रा खोऱ्यात उतरावे आणि श्योक नदीच्या काठाकाठाने पुढे जात राहावे. सुमारे दोनशे किलोमीटरच्या या प्रवासात दोन्ही अंगांना उघडेबोडके, तांबूस-राखाडी डोंगर सोबत करतात. गवताची काडीही दुर्मीळ. आणि एका वळणावर अकस्मात हिरवा रंग दिसतो. सातूची शेते, कुट्टूची गुलाबी-पांढरी फुले, अक्रोड आणि जर्दाळूची दाट झाडी. हेच तुर्तुक. येथून नियंत्रण रेषा अवघ्या काही किलोमीटरवर आहे.

तीन-साडेतीन हजार वस्तीचे हे गाव बाल्टी लोकांचे आहे. त्यांची भाषा तिबेटी कुळातील, धर्म इस्लाम आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय शेती. गावाच्या मधून हिमनदीचा ओढा वाहतो. त्याच्या एका तीरावर युल, दुसऱ्या तीरावर फारोल. दोन्ही वस्त्यांना जोडणारा एक पूल. ओढ्याचे पाणी दगडी पाटांनी घराघराच्या दारावरून शेतात नेलेले आहे. पाऊस जवळजवळ नसलेल्या या प्रदेशात पाट फुटला तर पीक गेले, म्हणून पाटाची निगा हे साऱ्या गावाचे काम असते.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेथे वर्षाला एकच पीक निघते. तुर्तुकची उंची त्याहून हजार-दीड हजार फुटांनी कमी. तेवढ्या फरकाने येथे दोन पिके साधतात. आधी सातू, तो कापला की त्याच शेतात कुट्टू. जर्दाळू हे गावाचे खरे धन. फळे सपाट छपरांवर वाळवायची, बिया फोडून आतला गर काढायचा, त्याचे तेल गाळायचे. उन्हाळ्यात लोणी आणि मांस टिकावे म्हणून दगडांच्या फटींतून गार वारा खेळता ठेवणारी कोठारे आहेत. त्यांना ‘नांगचुंग’ म्हणतात. विजेविना चालणारी ही शीतगृहे पाहिली की या शेतकऱ्यांच्या शहाणपणाची ओळख पटते.

परंतु तुर्तुकची कथा केवळ शेतीची नाही. एकोणिसाव्या शतकात जनरल जोरावर सिंह यांच्या मोहिमांनंतर लडाख आणि बाल्टिस्तान जम्मूच्या डोगरा राज्यात आले. लेह, कारगिल आणि स्कार्दू ही एकाच लडाख वजारतीची अंगे होती. ऑगस्ट १९४८ मध्ये स्कार्दू पडले आणि बाल्टिस्तान पाकिस्तानच्या ताब्यात गेले. तुर्तुकही त्याबरोबर गेले.

तेवीस वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, लडाख स्काउट्सचे जवान मेजर छेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली कडाक्याच्या थंडीत श्योकच्या खोऱ्यात पुढे सरकले. रिंचेन हे त्याच नुब्रा खोऱ्यातील सुमूर गावचे. १९४८ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी नुब्राच्या रक्षणासाठी उभे राहून त्यांनी महावीरचक्र मिळवले होते. १९७१ च्या या मोहिमेसाठी त्यांना ते दुसऱ्यांदा मिळाले. चालुंका, तुर्तुक, त्याक्षी आणि थांग ही गावे भारताकडे आली. सुमारे आठशे चौरस किलोमीटरचा हा मुलूख १७ डिसेंबरच्या युद्धविरामानंतरही भारताकडेच राहिला.

विजयाची ही बाजू अभिमानाची आहे. तिची दुसरी बाजूही डोळसपणे पाहावयास हवी. नोकरी, शिक्षण किंवा व्यापारासाठी जे त्या दिवसांत स्कार्दू-खापलूकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. कुणाचा भाऊ गेला, कुणाचा पती. थांग गावातून पलीकडचे फ्रानू गाव उघड्या डोळ्यांनी दिसते. पण तेथील आप्ताला भेटायचे तर व्हिसा मिळवून, पंजाबातील अटारीमार्गे, हजारो किलोमीटरचा फेरा घ्यावा लागे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर तीही वाट बंद झाली. दहशतवादाची किंमत सीमेवरचा शेतकरी अशीही मोजत असतो.

१९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात तुर्तुकच्या माथ्यावर पुन्हा घुसखोर आले. ६ जून १९९९ रोजी ११ राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन याच क्षेत्रातील हिमशिखरांवर हुतात्मा झाले. वय अवघे चोवीस. त्यांचे पार्थिव खाली आणायला महिन्याहून अधिक काळ लागला. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले आणि त्या भागाला त्यांचेच नाव दिले गेले.

त्याच काळात तुर्तुकच्या काही ग्रामस्थांना घुसखोरांना साह्य केल्याच्या संशयावरून पकडण्यात आले. गावावर संशयाचे सावट पसरले. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, गाव कायमचे परके मानण्याचा. दुसरा, त्याला आपलेसे करण्याचा. भारतीय सैन्याने दुसरा मार्ग निवडला. चौदाव्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल अर्जुन रे यांनी ‘ऑपरेशन सद्भावना’ हाती घेतले. शाळा उघडल्या, दवाखाने चालू झाले, स्त्रियांना हस्तव्यवसायाचे शिक्षण मिळू लागले. जो जवान चौकीवर उभा होता, तोच गावच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहू लागला. हा मार्ग भावनेचा वाटेल. परंतु सीमेवर तोच व्यवहाराचाही आहे. डोंगरातली पायवाट, अनोळखी चेहरा, गुराख्याला दिसलेली हालचाल हे सारे सर्वांत आधी गावकऱ्यालाच कळते. त्याला सैन्य आपले वाटले, तरच तो ते सांगायला येतो.

भूमी एका रात्रीत जिंकता येते. माणसांची मने जिंकायला एक पिढी लागते. तुर्तुकने आपल्याला शिकवलेला धडा हाच. २०१० मध्ये हे गाव पर्यटकांना खुले झाले. ज्या घरांत पूर्वी परका पाहुणा दिसत नसे, तेथे आज केरळपासून महाराष्ट्रापर्यंतचे प्रवासी उतरतात आणि कुट्टूच्या धिरड्यांचा आस्वाद घेतात. गावातील तरुणाला घराजवळ रोजगार मिळाला. हे महत्त्वाचे आहे. कारण सीमेवरचा तरुण पोटासाठी शहरात गेला की घराला कुलूप लागते, पाट कोरडा पडतो आणि रिकामे गाव राखण्याचा सारा भार चौकीवर येतो. वस्ती नांदती असेल तर सीमा जागी असते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे लडाखच्या सहलीला जातात. पांगोंगच्या काठावर छायाचित्रे काढून परततात. त्यांनी एक मुक्काम तुर्तुकला करावा. हॉटेलापेक्षा गावकऱ्याच्या घरी राहावे. वाळवलेले जर्दाळू त्याच्याकडूनच विकत घ्यावेत, घासाघीस न करता. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि १९७१ च्या त्या रात्रीची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी. शेतातून चालताना उभे पीक तुडवू नये, स्त्रियांची छायाचित्रे अनुमतीवाचून काढू नयेत. राष्ट्राच्या अखेरच्या टोकाला राहणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या वागण्यातूनच भारत कळत असतो. तो कसा कळावा, हे आपल्या हाती आहे.