जीर्णोद्धार आणि जतन



'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे पुण्याचा मानला जातो. पडके देऊळ नवे केले, मूर्तीला लेप दिला, कोपऱ्यात दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसली, की गाव कृतार्थ होते. आज ज्याविषयी बोलायचे आहे ते 'जतन' मात्र वेगळे. जीर्णोद्धार जुन्याचे नवे करतो. जतन म्हणजे जे उरले आहे ते आहे तसे राखणे. ऐकायला सोपे वाटते, पण करताना हात शिवशिवतात. त्या शिवशिवणाऱ्या हातांनी केवढे नुकसान होते, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. आपले अजिंठे पुरेसे आहे.

अजिंठ्याचे चित्र म्हणजे रंगवलेला दगड नव्हे. खडबडीत कातळावर माती, दगडाची भुकटी, तूस आणि गवताचे तंतू कालवून केलेला गिलावा. त्यावर पांढरा पातळ थर. आणि तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानाकडून आलेला राजावर्त मणी. म्हणजे वरचा रंग कातळाने नव्हे, मातीने धरला आहे. ओल आली की माती फुगते, सुकली की आक्रसते. गिलाव्यातले तंतू किड्यांना खाद्य. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत, म्हणून तेथे किड्यांचा उपद्रव कमी झाला, असे संशोधकांनी २०१६ साली मांडले. भांगेचा इतका सात्त्विक उपयोग आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही.

१८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी या लेण्यांत शिरला. शतकानुशतके विसरलेले वैभव बाहेरच्या जगाला दिसले ते तेव्हापासून. त्याने पहिली गोष्ट कोणती केली? दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरली. बदाम आणि बाण काढणारी आपली मुले या परंपरेतलीच! पुढे काही हौशी लोकांनी चित्रांचे तुकडे भिंतीवरून सोलून नेण्याचा उद्योग केला. हाती आली ती धूळ.

मग आले खरे प्रेमी. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे राबून नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बमनजींसारखे विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याचशा १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. नकला जळाल्या याचे दुःख आहेच. पण नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशचा हात फिरवला गेला. ते व्हार्निश कालांतराने काळवंडले. ज्यांना चित्र सर्वांत जास्त आवडले, त्यांनीच ते झाकले.

पुढे हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणवले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा लिंपल्या, पोकळीत चिकट द्रव्य भरून पोपडे कातळाला पुन्हा धरवले. हे काम झाले नसते, तर आज आपण पाहतो त्यातले कितीतरी जमिनीवर चुरा होऊन पडले असते. ते ऋण मान्य करूनच पुढचे सांगतो. त्यांनी रंग घट्ट राहावा म्हणून चित्रांवर लाखेचा लेप दिला. सुतार स्पिरिटात विरघळवून लाकडावर मारतो, तोच चपडा. आरंभी चित्र झळझळीत दिसले. परंतु लाख जुनी होते तशी पिवळी पडते, मग तपकिरी. तिच्या पापुद्र्याखाली काजळी आणि धूळ कोंडली जाते, पापुद्रा आक्रसला की रंगही ओढून घेतो. शिवाय जुनी लाख पूर्वीसारखी सहज विरघळत नाही.

हाच अनुभव निरनिराळ्या देशांत येत गेला, आणि त्यातून या विद्येचा आजचा मुख्य नियम पक्का झाला: जे लावाल ते उद्याच्या माणसाला मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आले पाहिजे. व्यवहारात हे पूर्णपणे साधतेच असे नाही, पण निदान दिशा ठरते.

दुसरा प्रश्न भोकांचा. एखाद्या आकृतीचा हात गिलाव्यासकट गळून पडला आहे. चांगला चित्रकार तो सहज रंगवील. रंगवावा का? आमचे उत्तर: नाही. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जो पाठ पुरेसा निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. संपादकांना संस्कृत येत नव्हते म्हणून नव्हे! व्यासांच्या नावावर आपले शब्द खपवायचे नव्हते म्हणून. चित्रातल्या भोकाला साधा मातकट रंग देऊन ते डोळ्यांना टोचणार नाही एवढे करावे. पण भोक हे भोकच राहू द्यावे.

१९९९ पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायन शाखेने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात साफसफाई हाती घेतली. काजळी, वटवाघळांची घाण आणि ती लाख तसूतसूने काढल्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या आकृती पुन्हा दिसू लागल्या. नवा रंग एक थेंबही न देता.

आता घरचे. काळ्या दगडाच्या देवळाला दर उत्सवात ऑइल पेंट देण्याची प्रथा आपल्याला ठाऊक आहे. त्या रंगाने दगडाचा श्वास कोंडतो; आत मुरलेले पाणी अडते, क्षार साठतात आणि एक दिवस पोपड्याबरोबर नक्षीही उतरते. मग तो रंग काढण्यासाठी वाळूचा मारा करतात आणि पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणाच पुसून टाकतात. मूर्तीचा प्रश्न याहून अवघड. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ साली रासायनिक संवर्धन झाले, तेव्हा चर्चा केवळ रसायनांची नव्हती. अभिषेक आणि पूजा ज्या मूर्तीवर चालते ती भक्ताला संग्रहालयातली वस्तू नव्हे, आणि तिला तसे मानावे असे सांगण्याचा अधिकार कोणा रसायनशास्त्रज्ञाला नाही. अभिषेक उत्सवमूर्तीवर करावा, हा मार्ग काही ठिकाणी मान्य झाला आहे. आम्हाला तो बरा वाटतो. भक्तांच्या संमतीशिवाय मात्र तो चालू नये.

देवळांचे विश्वस्त येथे असतील, त्यांच्यासाठी थोडे. यंदाच्या वर्गणीतून रंग घेण्यापूर्वी शिखरावर चढून पाहा. पिंपळाचे रोप हिसकून उपटू नका, सांधा उकलतो. कापा आणि मूळ हळूहळू मारा. सांध्यांतून गळत असेल तर सिमेंट नको, चुनाच भरा. पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरत असेल तर त्याला वाट काढून द्या. देऊळ संरक्षित असेल तर यातले काहीही करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला लिहा. आणि कामाआधी सर्व भिंतींची छायाचित्रे काढून ठेवा. एवढे केले की वर्गणी बहुधा संपलेली असेल. रंगाला पैसे उरणार नाहीत, आणि गटाराच्या कामावर संगमरवरी पाटी बसवता येत नाही, याची मात्र तयारी ठेवावी लागेल.