माळ रिकामा नसतो

(आकाशवाणीवरील विद्यार्थ्यांसाठीच्या भाषणाचा संपादित भाग)



सोलापूरहून बार्शीच्या एसटीत बसलात की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. मे महिन्यात खिडकीतून बाहेर पाहिले तर काय दिसते? मुरमाड, तपकिरी माळ. वाळून कोळ झालेले गवत, मधेच एखादे हिवर, एखादी बोर आणि वर पांढरे पडलेले आभाळ. शेजारी बसलेला माणूस हमखास म्हणतो, "काय उजाड रान आहे हो! सरकारने इथे झाडे तरी लावायला हवीत."

मीही तेच म्हणत असे. नुसते म्हणून थांबलो असतो तर एक वेळ चालले असते. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, राष्ट्रीय सेवा योजनेचे काम अंगावर होते. १९९१च्या पावसाळ्यात मुलांना घेऊन जिल्ह्यातल्याच एका गावच्या गायरानात गिरिपुष्पाची रोपे लावून आलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. ती कुठे झाली हे सांगायचे तर आधी तुम्हाला माझ्याबरोबर गवताच्या पानात शिरावे लागेल.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करायची, हे प्रकाशसंश्लेषण तुम्ही शाळेत शिकलात. हा वायू पकडण्याचे काम पानातले रुबिस्को नावाचे विकर करते. हे विकर कामाचे आहे, पण भोळे. लग्नाच्या मांडवाच्या दारावर एखाद्या भोळ्या मामाला उभे करावे, आणि त्याने पाहुण्यांबरोबर रस्त्यावरच्या चार जणांनाही "या, या" म्हणून आत घ्यावे, तसे त्याचे होते. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते ऑक्सिजनलाच धरते. मग ती चूक निस्तरण्यात झाडाची कमावलेली शक्ती खर्च होते. याला प्रकाशश्वसन म्हणतात. उन्हाळा वाढला की मामाचा गोंधळ वाढतो. त्यात पाणी वाचवण्यासाठी झाड पानावरची छिद्रे मिटून घेते, म्हणजे खरे पाहुणे आत येणेच कमी होते. आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा बहुतेक झाडांच्या पानांत हीच ओढाताण चाललेली असते.

यावर काही वनस्पतींनी तोड काढली आहे. ती माणसाला कळली कुठून, तर उसातून! १९६०च्या दशकात हवाई बेटांवर उसाच्या पानांवर काम करणाऱ्यांना काही वेगळेच आढळले होते. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. उसाच्या पानात दारावर दुसराच एक चोखंदळ माणूस उभा असतो. तो ऑक्सिजनला हातही लावत नाही. तो फक्त कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचे चार कार्बनचे संयुग करतो आणि आतल्या खोलीत पोचवतो. रुबिस्को बसलेले असते त्या खोलीत. तिथे कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की मामाला चुकायला वावच राहत नाही. चार कार्बन म्हणून या वनस्पतींना 'सी-फोर' म्हणतात. छिद्रे थोडीच उघडली तरी त्यांचे भागते. त्यामुळे तेवढीच वाढ त्या साधारण निम्म्या पाण्यात करून दाखवतात.

ही आतली खोली पानाच्या प्रत्येक शिरेभोवती पेशींच्या कड्यासारखी असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या जर्मनभाषक शास्त्रज्ञांना ती फुलांच्या माळेसारखी दिसली, म्हणून त्यांनी तिला 'क्रान्झ', म्हणजे माळ, असे नाव दिले. माळावरच्या गवताच्या पानात माळ! मराठीतला हा श्लेष त्या शास्त्रज्ञांना कळला असता तर गंमत वाटली असती.

ऊस, मका, बाजरी आणि आपली ज्वारी या सगळ्या सी-फोर. आपली भाकरी म्हणजे गवताचेच बी, हे आपण विसरतो. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला '३५-१' हा वाण आजही रब्बीत पेरला जातो. पाऊस संपत आल्यावर तो काळ्या मातीतल्या ओलीवर वाढतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. काळ्या भारी जमिनीत ज्वारी जे करते, तेच हलक्या मुरमाड जमिनीत कुणीही न पेरता करतात ती कुसळी, पवन्या, मारवेल ही माळावरची गवते. तीही सी-फोरच.

आता गवत हातात घेऊन पाहा. पेरूच्या रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला तर ते रोप खुरटते, कारण त्याची उंच वाढ शेंड्यातून होत असते. गवताचे पाते वरून कापले तरी ते पुन्हा वाढते. त्याच्या वाढीची जागा वर नसते, बुंध्याशी, जमिनीलगत असते. शेळ्या-मेंढ्या, काळवीट, वणवा, सगळे वरून जाते आणि खालचे इंजिन शाबूत राहते. निम्म्याहून अधिक गवत तर आपल्याला दिसतच नाही. ते मुळांच्या जाळ्याच्या रूपाने जमिनीखाली असते. झाड आपला कार्बन खोडात, फांद्यांत ठेवते. तिथे कुऱ्हाड पोचते, आगही पोचते. गवत तो जमिनीखाली ठेवते. उजाड दिसणाऱ्या माळाची पुंजी अशी पुरून ठेवलेली असते.

कुसळीचे बी तर प्रत्येकाच्या पायमोज्यात अडकलेले आहे. एक कुसळ घरी आणा, तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. ते गोल फिरू लागेल. कुसळाचा खालचा भाग पिळलेला असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. दिवसाचे ऊन आणि रात्रीचे दव यांच्या जोरावर ते बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. अशाच एका गवताच्या बियांची ही करामत चार्ल्स डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिस डार्विनने, १८७६ साली समजावून सांगितली. आपल्याकडच्या मेंढपाळाला ती आधीपासून वेगळ्या कारणाने ठाऊक होती. हे कुसळ लोकरीतून मेंढराच्या कातडीत घुसते, म्हणून ते धरण्याआधीच कुसळीचे रान चारून घ्यायचे, असा त्यांचा रिवाज.

आता माझ्या गिरिपुष्पाकडे येतो. जिथे आम्ही चर खणून पाणी अडवले होते तिथली रोपे जगली. चार-पाच वर्षांत सावली झाली. मी मोठ्या कौतुकाने पाहुण्यांना ते रान दाखवायला नेत असे. एकदा तिथे एक म्हातारे धनगर बाबा भेटले. मला वाटले, सावलीबद्दल चार चांगले शब्द बोलतील. ते म्हणाले, "सर, मेंढरं ह्या पाल्याला तोंड लावत न्हाईत. आन् खालचं गवत कुठं गेलं?"

वनस्पतिशास्त्राचा पदवीधर मी, आणि खाली वाकून पाहिले नव्हते! सी-फोर गवताला भरपूर ऊन लागते. उन्हातच त्याचा सगळा फायदा. सावलीत तो फायदा उरत नाही, उलट दुहेरी कामाची जादा शक्ती अंगावर पडते. शिवाय गिरिपुष्प शेंगवर्गातले. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. शेताच्या बांधावर हा गुण मोलाचा, त्याचा पाला उत्तम हिरवळीचे खत होतो. पण माळावरची गवते गरिबीत संसार करायला शिकलेली. जमिनीत नत्र वाढले की त्यांना मागे टाकणारी, खादाड तणे येतात. मी जमीन सुधारत होतो, आणि ज्यांचे ते घर होते त्यांच्या पायाखालून ती काढून घेत होतो.

अशी चूक करणारा मी एकटा नव्हतो, एवढेच समाधान. इंग्रजांच्या काळापासून महसुली हिशेबात जिथून सारा येत नाही ती जमीन 'पडीक'. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यातही खुरट्या झुडपांची राने पडीकच धरली. एकदा पडीक म्हटले की तिथे काहीही करायला आपण मोकळे. नान्नजच्या आसपासच्या माळावरही अशा लागवडी झाल्या.

आणि या माळावर कोण राहत होते? माळढोक. नर बारा-पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. लांबवर नजर पोचणे हेच तिचे संरक्षण. तिच्यासमोर झाडांची रांग उभी केली की कोल्ह्याला आडोसा मिळतो आणि अंड्यावर टपलेल्या कावळ्याला बसायला फांदी. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्यावरच चिडले. २०१०नंतर ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आणण्यात आले. नकाशावर आधी अवाढव्य आणि मग आटोपशीर झालेल्या या अभयारण्याने पक्षी मात्र राखला गेला नाही. माळ फुटले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. सगळा दोष झाडांच्या लागवडीचा नाही. पण लागवड आम्ही चांगल्या हेतूने, फोटो काढून केली होती, म्हणून ती मला जास्त बोचते.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, मग झाडे लावायचीच नाहीत का? लावा की. ओढ्याकाठी लावा, शाळेच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, बांधावर लावा. लिंब, बाभूळ, चिंच, वड, काय हवे ते. फक्त खड्डा खणण्याआधी तिथे काय उगवते आहे ते पाहा.

ते पाहायचे कसे? सुतळी घ्या, चार खुंट्या घ्या आणि एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट माळावर आखा. सप्टेंबरात करा, सोलापूरचा खरा पाऊस परतीचाच, तेव्हा माळ भरात असतो. गुडघे टेकून बसा आणि चौकटीत किती प्रकारची पाने आहेत ते मोजा. नावे आली नाहीत तर बिघडत नाही. एक नंबर, दोन नंबर असे म्हणा आणि वहीत चित्र काढा. गवतांच्या मधे निळी शंखपुष्पी सापडेल, पिवळा गोखरू सापडेल, जमिनीसरपट शेंगांच्या वेली सापडतील. दुसरी चौकट लावलेल्या झाडांच्या खाली आखा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा.

मी हे त्या गायरानात पहिल्यांदा केले ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी. बरोबर अकरावीची सहा मुले होती. गिरिपुष्पाखालचे प्रकार मोजायला एका हाताची बोटे पुरली. तिथून पन्नास पावलांवर, उघड्या माळावर, दोन्ही हातांची पुरेनात. एका मुलीने मान वर करून विचारले, "सर, ही झाडे कुणी लावली?"

मी सांगितले.