घरचा वेश : स्वेटशर्ट आणि विजारीचा जोड

दुपारच्या वेळीं एखाद्या बिऱ्हाडाची घंटा वाजली कीं घरांत जी धांदल उडते ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. गृहिणीच्या अंगांत गाउन असतो. त्यावर घाईघाईनें ओढणी घेतली जाते, ओढणी न सांपडल्यास टॉवेल, आणि मग दार अर्धेंच उघडतें. पुरुष मंडळी विटक्या बनियनावर चढवावयास सदरा शोधूं लागतात. अंगाला सुख देणारा वेश लोकांपुढें चालत नाहीं, आणि लोकांपुढें चालणारा वेश अंगाला टोंचतो, अशी ही जुनी अडचण आहे. २०२० सालीं साथीमुळें टाळेबंदी झाली, कित्येकांची कचेरी स्वयंपाकघराशेजारच्या खोलींत आली, आणि हीच अडचण दिवसांतून चार वेळां जाणवूं लागली. एकाच कापडाचा व एकाच रंगाचा स्वेटशर्ट आणि विजार हा जोड तेव्हांपासून अनेक घरांत रुळला. दुकानदार त्याला ‘को-ऑर्ड सेट’ म्हणतात. तो निवडावा कसा व वापरावा कसा, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

हा वेश मूळचा खेळाडूंचा. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत रसेल यांची गिरणी होती. तेथें बायकामुलांचे आंत घालावयाचे विणीव कपडे तयार होत. मालकांचे चिरंजीव, धाकटे बेंजामिन रसेल, हे अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघांत खेळत असत. लोकरी जर्सीनें अंगाला खाज सुटते, म्हणून १९२६ सालीं त्यांनीं जाड सुती विणीचा सैल सदरा करावयास वडिलांना सुचविलें. स्वेटशर्टचा आरंभ येथून झाला असें सांगतात. कांहीं सदऱ्यांना गळ्याखालीं जो त्रिकोणी तुकडा शिवलेला दिसतो, तो मुळांत घाम टिपण्यासाठीं व गळा ताणला जाऊं नये म्हणून असे; आतां तो बहुधा नुसता शोभेपुरता राहिला आहे. ही कुळकथा सांगण्याचें कारण इतकेंच कीं, घाम टिपणें हें ज्या वस्त्राचें पहिलें काम, तें आपण केवळ रंग पाहून विकत घेतों.

दुकानांत गेल्यावर प्रथम सदरा उलटा करून पाहावा. आंतल्या बाजूस टॉवेलासारखे बारीक फांस दिसले तर ती ‘फ्रेंच टेरी’. तेच फांस घासून मऊ लव काढलेली असेल तर ती ‘फ्लीस’. लव हवा धरून ठेवते, त्यामुळें फ्लीस ऊबदार असते. नाशकाच्या किंवा पुण्याच्या डिसेंबरांतील पहाटे ती सुखावह वाटते. न्यू जर्सीला वा लंडनला राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना तर हिवाळ्यांत तीच उपयोगी. मुंबईंत मात्र ती जानेवारींतहि नको. तेथें फांसांचें पातळ कापडच घ्यावें. कापडाचें वजन चौरस मीटरला ग्रॅममध्यें सांगतात. २२० ते २६० पर्यंतचें आपल्या हवेला पुरे. ३०० च्या वरचें थंड मुलुखांत शोभतें. निव्वळ सूत घाम उत्तम टिपतें, पण पहिल्याच धुण्यांत आटण्याचा संभव असतो, आणि श्रावणांत दोन दोन दिवस वाळत नाहीं. पॉलिएस्टर मिसळलें म्हणजे कापड लवकर वाळतें व आकार धरतें. परंतु त्यावर गोळे येतात, आणि घामाचा वास त्यांत मुरून राहतो. माझें मत विचाराल तर सूत पुष्कळ, पॉलिएस्टर थोडें, आणि मनगटाच्या पट्टींत किंचित् लायक्रा. एवढी भेसळ मी आनंदानें पतकरीन.

सैल म्हणजे ढगळ नव्हे, हें मापाच्या बाबतींत विसरलें जातें. सदरा कमरेच्या हाडापर्यंत यावा. तो मांडीपर्यंत आला कीं ठेंगणी व्यक्ति अधिकच ठेंगणी दिसते, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच रंग असल्यानें जी उंची भासावयाची ती फुकट जाते. विजार घालून दुकानांतच एकदां मांडी घालून बसावें. लोक पाहतील तर पाहोत. आपल्याकडे देवापुढें, पंगतींत, मुलांचा अभ्यास घेतांना मांडी घालावी लागते, आणि गुडघ्याशीं ताणलेल्या विजारीला महिन्याभरांत तेथें फुगे येतात. घरांत वृद्ध माणसें असतील तर त्यांना घोट्याशीं पट्टी असलेली विजार घ्यावी. ती पायांत अडकत नाहीं, आणि बटनें नसल्यामुळें संधिवाताच्या बोटांना सोयीची पडते. भगिनींनो, खिसेहि तपासा. बायकांच्या कपड्याला खिसा शिवावयाचाच तर तो बोटभर खोल शिवावा, अशी शिंप्यांची कांहीं प्रतिज्ञा असावी! किल्ली आणि फोन दोन्ही आंत राहिलीं पाहिजेत.

दुकानाच्या आरशांत मोतिया रंग फार गोड दिसतो. पण घरीं फोडणी आहे, आणि हळदीचा डाग मोतियावर जन्मभर नांदतो. फिकट करड्यावर काखेंतला घाम तत्काळ दिसतो. गडद निळा, शेवाळी, वांगी किंवा कोळशाचा करडा हे रंग कामाचे. ज्या परदेशी विद्यापीठाचा उंबरठा आपण कधीं ओलांडला नाहीं, त्याचें नांव छातीवर ठळक अक्षरांत मिरविण्याची हौस कां असावी, तें मला कळत नाहीं.

बाहेर भाजीला निघतांना यावरच खादीचें जाकीट चढवावें. सरळ पायाच्या विजारीवर कोल्हापुरी वहाण छान दिसते. पट्टीच्या विजारीला बूटच बरा. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या यांचें या वेशाशीं कांहींएक वैर नाहीं. कोणाच्या समाचाराला जातांना मात्र तो घालूं नये.

आतां खरी मेख. जोडांतील विजार आधीं झिजते, कारण ती अधिक वेळां धुतली जाते. मग सदरा गडद, विजार विटकी, आणि जोड मोडला! यासाठीं एका सदऱ्यावर दोन विजारी एकाच वेळीं घ्याव्या. मागाहून आणलेल्या विजारीचा रंग तंतोतंत जुळत नाहीं. तिरुप्पूरच्या कारखान्यांतहि दोन खेपांच्या रंगांत थोडा फरक पडतोच. सदरा स्वच्छ असला तरी तो विजारीबरोबरच धुवावा, म्हणजे दोन्ही सारखीं विटतात. धुतांना उलटीं करावीं, पाणी थंड असावें. मऊपणासाठीं जें सुगंधी द्रव्य घालतात तें येथें घालूं नये, त्यानें कापडाची पाणी टिपण्याची शक्ति कमी होते. ओला सदरा खांद्यांनीं टांगला तर पाण्याच्या वजनानें बाह्या लांबतात. तो दोरीवर मधोमध आडवा टाकावा, सावलींत, आणि विजार कमरेकडून चिमट्यांनीं लावावी.