घरीच तर आहेस!

घरून काम करताना वेळ कसा सांभाळावा, असा विषय जाहीर झाला की ऐकणाऱ्याला काही सूचनांची अपेक्षा असते. पहाटे उठा, कामांची यादी करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. या सूचना वाईट नाहीत. मात्र त्या सगळ्या असं धरून चालतात की घरी बसलेल्या माणसाचा वेळ त्याच्या एकट्याच्या ताब्यात असतो आणि वाया जातो तो त्याच्या आळसामुळे. मला हे मान्य नाही. घरी वेळ जितका वाया जातो, त्याहून अधिक तो घेतला जातो. घेणारे दोघे, घर आणि ऑफिस. दोघांच्या तोंडी वाक्य एकच, "घरीच तर आहेस!" म्हणून वेळेचं नियोजन हा मनोनिग्रहाचा विषय थोडा आणि बोलणी करून ठरवण्याचा विषय जास्त आहे, असं मला आज मांडायचं आहे.

कामाचा दिवस कुठे संपतो हे आपल्याकडे नोकरदाराने एकट्याने कधी ठरवलेलंच नाही. मुंबईच्या गिरणगावात ते भोंगा सांगायचा. तो कामगाराला दरडावून बोलावून घ्यायचा हे खरं, पण पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या दिवसापुरता मालकाचा हक्क संपायचा, हेही तितकंच खरं. रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपापलं वेळापत्रक सुधारून मिळवलेली नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभेतून ती मागितली आणि १० जून १८९० रोजी ती जाहीर झाली. पुढे कारकुनी पेशात भोंग्याची जागा लोकलने घेतली. मुंबईच्या ऑफिसात "माझी गाडी चुकेल" हे काम थांबवण्याचं सगळ्यांत प्रतिष्ठित कारण होतं. त्यावर साहेबही वाद घालत नसे, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही हे त्यालाही ठाऊक असे. घरून काम सुरू झालं आणि प्रवासाचे दोन तास वाचले, याचा आनंद सगळ्यांना झाला. त्या दोन तासांबरोबर उठून जाण्याचं कारणही गेलं, ते फारसं कुणी मोजलं नाही.

घरून काम ही लॅपटॉपवाल्यांनी आणलेली पद्धत आहे, असाही एक समज आहे. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका कितीतरी आधीपासून घरूनच काम करत आल्या आहेत. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन विडी वळायची, दोऱ्याने बांधायची, टोक मुडपायचं. मजुरी हजारावर. मधेच उठून भाकरी टाकायची, पाणी भरायचं, मुलाला शाळेत पोचवायचं आणि पुन्हा सूप मांडीवर घ्यायचं. वेळेवर यायचं बंधन नाही, मुकादम डोक्यावर उभा नाही. कुणी म्हणेल, किती हे स्वातंत्र्य! पण हजाराचा आकडा भरेपर्यंत तो दिवस संपत नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. ती औद्योगिक जागेत काम करणाऱ्यांना. कायद्याचं घड्याळ घराच्या उंबऱ्यापाशी थांबलं. आज हिंजवडीच्या कंपनीचं काम वाकडच्या फ्लॅटमधून करणाऱ्या मुलीचा पगार त्या बाईच्या मजुरीच्या कैक पट आहे, दोघींची बरोबरी मी करत नाही. मात्र उंबऱ्याच्या आत घड्याळ नाही, ही अडचण दोघींची एकच आहे.

आता पुरावा पाहू. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. स्वखुशीने तयार झालेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं. विषमवाले ऑफिसातच राहिले. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा आकडा जगभर सांगितला जातो. त्यामागच्या अटी मात्र सांगितल्या जात नाहीत. घरात स्वतंत्र खोली असणं सक्तीचं होतं. शिवाय पाळीची वेळ ऑफिसातलीच होती, सुरू कधी आणि संपली कधी हे कंपनीने ठरवलेलं होतं. दुसरा अभ्यास आपल्याकडचा, कोविडच्या काळातला. एका भारतीय तंत्रज्ञान कंपनीच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे कामाचे तास वाढले, हातून झालेलं काम किंचित घटलं आणि तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली. बैठका आणि समन्वय यांत जाणारा वेळ वाढला. सलग, न मोडता काम करण्याचे तास बरेच आटले. महामारीचा काळ विचित्र होता, तेव्हा सगळा दोष घराला देता येणार नाही. तरीही दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. जिथे पाळीला दोन टोकं होती तिथे घर मानवलं. जिथे ती टोकं सुटली तिथे माणसं जास्त वेळ बसली आणि काम कमी झालं. एवढी हजारो माणसं एकाच वेळी आळशी झाली, असं कुणी म्हणणार असेल तर ते त्याने सिद्ध करावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. काही लोकांना तर हे उत्तम जमतं, मग शिस्तीचा काहीच वाटा नाही का? आहे. पण ज्यांना जमतं त्यांच्या घरात जरा डोकावून पाहा. बेल वाजली की दार बहुधा दुसरं कुणीतरी उघडत असतं. गॅसचा सिलिंडर कोण उतरवून घेतं, कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं, आजोबांची दुपारची गोळी कुणाच्या लक्षात असते, हे विचारल्याशिवाय शिस्तीचं कौतुक करू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं दिसलं. आणि मुळात घरकाम करणारे पुरुषच शंभरात सुमारे सव्वीस. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो बऱ्याचदा स्त्रियाच घेतात. वेळेला अशा भिंती घातल्या तर घरून काम करण्याचा फायदाच काय? मूल आजारी असताना दुपारी दोन तास उठता यावं, म्हणून तर ही सोय घेतली. बरोबर आहे. पण दोन तास उठण्याची मुभा आणि रात्री अकरापर्यंत उत्तर देण्याची अपेक्षा या दोन गोष्टी गुपचूप एकमेकींना जोडल्या जातात. मुभा तोंडी असते, अपेक्षा न बोललेली. ठरवलेली वेळ बदलता येते. जी ठरलीच नाही ती बदलणार कशी? आणि ठरलेल्या असतील तर दोन वेळाही चालतात. १९०६ पासून १९५५ पर्यंत मुंबईत दोन वेळा चालत होत्या. रेल्वेची भारतीय प्रमाणवेळ आणि महापालिकेची मुंबई वेळ, दोन्हींत ३९ मिनिटांचं अंतर. शहर अर्धं शतक त्यात निभावलं, कारण कुठलं घड्याळ कुठली वेळ दाखवतं हे माहीत होतं. घरातही दोन घड्याळं चालायला हरकत नाही, या घटकेला कुठलं लागू आहे ते सगळ्यांना कळलं पाहिजे.

मग करायचं काय? आठवडाभर नुसती नोंद ठेवा, कशाला किती वेळ लागला आणि मधे कुणी उठवलं. नोंद लागते, कारण अंदाज फसतात. कॅनडातल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा व्हायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५ लागले. ती नोंद हातात घेऊन दोन ठिकाणी बोलायला बसा. घरी ठरवायचं ते असं, की अमुक दोन तास बेल वाजली तर मी उठणार नाही, त्याऐवजी संध्याकाळचा स्वयंपाक माझा. वन रूम किचनमध्ये दार लावता येत नाही हे मला ठाऊक आहे. तिथे तर ही बोलणी अधिकच लागतात, कारण भिंतीचं काम शब्दाने करायचं असतं. ऑफिसशी ठरवायचं ते हे, की निरोपाला उत्तर किती वेळात अपेक्षित आहे, बैठका कुठल्या तासांत आणि दिवस कधी संपतो. गिऱ्हाईक अमेरिकेत असेल तर आपली संध्याकाळ जाणारच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा झालेले असतात. अशा कामात आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी द्यायच्या आणि त्यांच्या बदल्यात कुठल्या सकाळी आपल्या, हे लिहून घ्यावं.

साहेब ऐकणार नाही, नोकरी जाईल, ही भीती खोटी नाही, आणि एकट्याने मागितलं तर ती जास्त खरी ठरते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे, पण त्या कायद्यानेही घड्याळाचा आकडा दिलेला नाही. मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांशी बसून बोलावं, एवढंच सांगितलं आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर २०१८ चं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. तो होईपर्यंत टीमने मिळून एक मेल लिहिणं शक्य आहे. घरच्या बोलण्यांना तर तेवढ्याचीही गरज नाही. ती आज रात्री जेवताना सुरू करा. लोखंड्यांना रविवार मिळायला सहा वर्षं लागली होती.