मुरोतो: आकाश आणि समुद्राचं टोक



जपानच्या शिकोकू बेटावर, कोची प्रांतात, मुरोतो नावाचं भूशिर थेट प्रशांत महासागरात घुसलं आहे. इथे लाटांनी कोरलेल्या मिकुरोदो गुहेत तरुण भिक्षू कूकाई आकाशगर्भ बोधिसत्त्वाचा संस्कृत मंत्र जपत बसले, असं परंपरा सांगते. गुहेच्या तोंडातून दिसत होतं फक्त आकाश आणि समुद्र. ‘कूकाई’ या नावाचा अर्थही तोच!

वर डोंगरावर होत्सुमिसाकीजी मंदिर आहे, शिकोकूच्या ८८ मंदिरांच्या यात्रेतलं चोविसावं. आधीच्या मंदिरापासून इथवर सुमारे ७५ किलोमीटरची पायपीट! आवारातल्या एका शिळेवर लहान दगड आपटला, की घंटेसारखा नाद घुमतो. जवळच १८९९ सालचं दीपगृह उभं आहे.

ही भूमी अजून घडतेच आहे. १९४६च्या भूकंपात हे टोक मीटरभर वर उचललं गेलं.

शेजारचं किरागावा हे लाकडी कोळशाच्या व्यापारावर भरभराटलेलं गाव. वादळी पावसाने चुन्याचा गिलावा धुऊन जाऊ नये, म्हणून तिथल्या भिंतींवर कौलांच्या आडव्या ओळी बसवल्या आहेत. पाणी त्यांवरून बाहेर निथळतं. निसर्गाशी जुळवून घेण्याचं हे शहाणपण मनात जपण्यासारखं आहे.