सायकलची सीट आणि आपली बैठक

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही. श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न त्या त्या ठिकाणी घेतले आहेत.)



बोर्डावर विषय लिहिला गेला, "सायकलची सीट आणि चड्डी", तेव्हापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून हसतोय. हसा. पण हसून झाल्यावर एकदा खाली पार्किंगमध्ये चक्कर मारून या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे गियरच्या, बारीक टायरच्या चांगल्या सायकली आल्या. कोणी पंचवीस हजार घातले, कोणी चाळीस. आज त्यातल्या किती जणींच्या चाकात हवा आहे? एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. बाकीच्या भिंतीला टेकून धूळ खातायत. बँकेच्या भाषेत याला एनपीए म्हणतात.

का सोडली सायकल, असं विचारलं की लोक चारचौघांत सांगतात, वेळ मिळत नाही. कोणी सांगतं गुडघा, कोणी सांगतं सावेडीतली कुत्री. मग लिफ्टमध्ये दोघंच असताना आवाज खाली येतो, "काका, खरं सांगू का, बसवत नाही." वहिनी लोक तर तेवढंही सांगत नाहीत. दुखणारी जागा अशी की दाखवता येत नाही आणि सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आता कसली लाज, आपणच बोलू.

पहिला आक्षेप आपल्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदांनी कालच घेतला. "आमच्या वडिलांनी जन्मभर अॅटलास चालवली, धोतरावर. त्यांना कुठे होतं पॅड?" प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या सायकलीतच आहे. हर्क्युलिस, हिरो, अॅटलास या सायकलींवर माणूस ताठ बसतो. हँडल वर, पाठ सरळ, सगळा भार खाली सीटवर. म्हणून ती सीट मागे रुंद आणि तिच्याखाली दोन जाड स्प्रिंगा. दूधवाला सायकलवर दिवसभर असायचा, पण सलग किती? दर घराला खाली उतरायचा. चढ आला की उभं राहून पायडल मारायचा, नाहीतर उतरून हातात धरून चालायचा. म्हणजे बैठकीला सारखी सुट्टी.

आणि त्या काळातली चामड्याची सीट आठवते का? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ब्रूक्स नावाची कंपनी १८६६ मध्ये निघाली, तिने १८८२ मध्ये अशा सीटचं पेटंट घेतलं. जाड चामडं पुढेमागे रिबिटांनी ताणून बसवलेलं, आत गादी नाही, काही नाही. नवीन असताना लाकडासारखी कडक. पण शेकडो किलोमीटर चालली की चामडं मालकाच्या हाडांप्रमाणे खोलगट व्हायचं. सैल पडलं की नाकाखालचा नट आवळायचा. अशी एखादी सीट कोणाच्या माळ्यावर पडली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आधी मला दाखवा.

आता रोड सायकल. हिच्यावर आपण पुढे वाकून बसतो. भार थोडा हातांवर, थोडा पायांवर आणि उरलेला सीटवर. पाय वेगाने फिरवायचे तर मांड्यांच्या मध्ये जागा पाहिजे, म्हणून सीट अरुंद. बघणाऱ्याला वाटतं, या सुपारीएवढ्या सीटवर माणूस बसणार कसा! आणि मग तो बाजारातून जेलचं मऊ, गुबगुबीत कव्हर आणतो. इथेच घोडं पेंड खातं.

आपण फरशीवर मांडी घालून बसतो तेव्हा दोन बाजूंना दोन हाडं जमिनीला टेकतात. पाट नसला की चांगलीच कळतात. डॉक्टर त्यांना इस्कियल ट्यूबरॉसिटी म्हणतात, आपण बैठकीची हाडं म्हणू. निसर्गाने भार घ्यायला ती दिली आहेत. त्या दोघांच्या मधला भाग मऊ, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. त्याने भार घेणं अपेक्षित नाही. सगळं शास्त्र एवढंच, की वजन हाडांवर पडलं पाहिजे, मधल्या भागावर नाही.

मऊ सीटवर काय होतं? मळलेल्या कणकेत दोन बोटं दाबून बघा. बोटं आत जातात आणि मधली कणीक फुगून वर येते. जेलच्या गादीत हाडं तशीच रुततात आणि मधला फुगवटा नेमका नको तिथे दाबतो. पाच मिनिटं छान वाटतं, अर्ध्या तासाने मुंग्या येतात. आपल्या भाषेत खोगीरभरती हा शब्द निरर्थक भरणीसाठी आहे, तो उगीच नाही. कोपऱ्यावरून भाजी आणायची असेल तर मऊ सीट बरी, माझी तक्रार नाही. पण चांदबिबी महालापर्यंत जाऊन यायचं, म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तर गादी उपयोगाची नाही. सीटची रुंदी आपल्या हाडांना जुळली पाहिजे.

ती मोजायची कशी? घरच्या घरी. टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्याचा, आत लाटा असलेला पुठ्ठा घ्या. तो कडक स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा, पायाखाली एक पाट घ्या म्हणजे गुडघे जरा वर येतील, थोडं पुढे वाका आणि मिनिटभर तसेच थांबा. उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलके घासा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा, मिलिमीटरमध्ये. बहुतेकांचं माप १०० ते १५० च्या दरम्यान येतं. त्यात साधारण २० ते ३० मिळवा. जास्त वाकून चालवणाऱ्याने कमी, ताठ बसणाऱ्याने जास्त. ती तुमच्या सीटची मागच्या बाजूची रुंदी. १२० आलं तर १४० ते १५० ची सीट बघायची. दुकानात रुंदी सीटच्या खाली किंवा खोक्यावर छापलेली असते.

यात एक गंमत आहे. माणूस जाड की बारीक, याचा या मापाशी फारसा संबंध नाही. पोट सुटलेल्याची हाडं जवळजवळ असू शकतात आणि काडीसारख्या मुलीची लांब. सरासरी बघितली तर बायकांचं माप पुरुषांपेक्षा जरा जास्त भरतं, पण सरासरीने कोणाची सीट घेऊ नये. नवऱ्याने स्वतःच्या पसंतीने बायकोला सायकल आणली आणि तिने आठ दिवसांत सोडली, तर दोष तिच्या चिकाटीचा नाही. पुठ्ठा आधी तिच्याकडे द्या.

सीट बरोबर असून लावली चुकीची, हे तर सर्रास. उंची बघायची तर भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल पार खाली न्या, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. सीट फार उंच झाली की प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवी हिंदकळते आणि जांघा काचतात. बरेच जण याला सीटचा दोष समजतात. सीटचं नाक सरळ पाहिजे. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम, नाहीतर मोबाईलमध्येही असते. नाक वर असेल तर मधला भाग दाबला जातो; फार खाली असेल तर माणूस पुढे घसरतो, सगळा भार हातांवर येतो आणि तळवे बधिर होतात. सीट पुढेमागेही थोडी सरकते. पण एका वेळी एकच बदल करा, जुन्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवा आणि तीन-चार दिवस चालवून बघा. चार नट एकदम फिरवले की कशाने फरक पडला ते कळत नाही. हिशेब एकेका एन्ट्रीनेच जुळतो.

आता चड्डी. पूर्वी युरोपातले सायकलवाले लोकरीच्या चड्डीत आतून मऊ चामड्याचा तुकडा शिवून घेत. धुतला की तो पापडासारखा कडक होई, म्हणून त्याला मलम चोळावं लागे. आता तिथे कृत्रिम धाग्याचं पॅड असतं. त्याचं काम गादीचं कमी आणि कातडी वाचवण्याचं जास्त. घाम शोषणं, शिवण टोचू न देणं, घर्षण कमी करणं. म्हणून फार जाड पॅडच्या मागे लागू नका, बोटाने दाबून लगेच तळाला न जाणारं बघा. चड्डी अंगाला घट्ट हवी. सैल असली की पॅडला चुण्या पडतात आणि चुणीच काचते.

आणि आता ज्याच्यासाठी सगळे थांबलेत ते. तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. ती थेट कातडीवर घालण्यासाठीच शिवलेली असते. आत सुती अंडरवेअर घातली की ती घामाने ओली राहते, तिची शिवण नेमकी हाडाखाली येते आणि पॅडचे पैसे वाया. लाज वाटत असेल तर वरून सैल ट्रॅक पँट किंवा थ्री-फोर्थ घाला. आपल्या बी विंगमधल्या एक ताई कुर्त्याखाली घालतात, कोणाला पत्ताही नाही. बायकांच्या पॅडचा आकार वेगळा असतो, तोच मागा. पोट असलेल्यांना खांद्यावरून पट्टे येणारी चड्डी बरी, कमरेला इलॅस्टिक रुतत नाही. मात्र वाटेत लघवीला थांबायची वेळ आली की तिची अडचण कळते, हेही सांगून ठेवतो.

प्रत्येक वेळी धुवायची. उद्या पुन्हा घालू, असं नाही. उलटी करून, साध्या साबणाने, आणि उन्हात पॅड आतपर्यंत वाळेपर्यंत. म्हणून दोन घ्याव्यात. घरी आल्यावर त्याच चड्डीत चहा पीत पेपर वाचत बसू नका. बरीचशी खाज, गजकर्ण आणि केसतोड तिथे सुरू होते. लांब जायचं असेल तर काचणाऱ्या जागी थोडी पेट्रोलियम जेली लावा. गळू झालंच तर फोडू नका, भरून येईपर्यंत सायकल बंद. मधुमेह असलेल्यांनी तर आरसा घेऊन बघावं आणि डॉक्टरांना दाखवावं, कारण आपली जखम लवकर भरत नाही. आपली म्हणजे माझीही.

कोणतं दुखणं सोसायचं आणि कोणतं नाही, हे नीट लक्षात ठेवा. नवीन माणसाची बैठकीची हाडं पहिले आठ-पंधरा दिवस ठणकतात. पहिल्यांदा विळीवर बसून दोन तास भाजी चिरली की दुखतं तसंच. ते सवयीने जातं. पण बधिरपणा सोसायचा नाही, एक दिवससुद्धा. बधिर झालं म्हणजे नस किंवा रक्तवाहिनी दबली. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाची सीट देऊन बघितलं, तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा बधिरपणा मोठ्या प्रमाणात कमी झाला. मधोमध खाच किंवा भोक असलेल्या सीट आता आपल्याकडेही मिळतात, त्या याचसाठी. शिवाय दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं. आपल्या रस्त्यांवर त्यासाठी घड्याळ लागत नाही, स्पीडब्रेकर आठवण करून देतात. उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल, लघवीला त्रास होत असेल, तर सरळ डॉक्टरकडे जा. प्रोस्टेटची तक्रार असलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनी सायकल सुरू करण्याआधीच त्यांना विचारावं. या बाबतीत शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नये, माझासुद्धा.

एका तरुण सभासदाने विचारलं की तासनतास चालवणारे लोक मग करतात काय? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली, साधारण ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. ती माणसं वेगळी, असं म्हणाल. पण आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून नाशिकची सायकल वारी पंढरपूरला जाते, तिच्यात साधी नोकरदार माणसं, गृहिणी, आजोबा असतात. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करणारेही आपल्यातलेच. त्यांच्या सीट हातात घेऊन बघा, बहुतेक अरुंद आणि कडक असतात. सहनशक्तीपेक्षा त्यांनी माप जास्त जुळवलंय.

सीट कितीची घ्यावी, असं विचारलं. महाग म्हणजे चांगली असं मुळीच नाही. दुकानदाराला आधी विचारा, आठ दिवस चालवून बदलून देणार का. नाही म्हणाला तर दुसरं दुकान. मित्राची जुनी सीट उसनी मिळाली तर त्याहून उत्तम. आणि बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी आहे ती सीट नीट लावा, त्याला फुकट पडतं, मग चड्डी, मग नवी सीट. चाचणीला पाथर्डी रस्ता धरा. महालाच्या पायथ्यापर्यंत सीट काय म्हणते ते कळतं, आणि वरच्या चढाला तशीही उभं राहावं लागतं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी पार्किंगमध्ये असेन. पुठ्ठे, पट्टी, पाणसळ आणि पाने मी आणतो. बायकांसाठी माप घ्यायची व्यवस्था ऑफिसच्या खोलीत, तिथे बी विंगमधल्या त्या ताई असतील. आपापली सायकल घेऊन या, आणि येताना चाकात हवा भरून आणा, पंप एकच आहे.